चू युनपेईची लाडावलेली चहादाणी

पहाटेपासून आपल्या दुकानात वॉनटन, म्हणजे खिमा भरलेल्या पुरचुंड्या, वळून वळून पान सूछिंगची बोटं आखडून जायची, तेव्हा कुठे तिचा नवरा चू युनपेई जिन्यावरून खाली उतरायचा. हातात चहादाणी. पोटाशी धरलेली, जणू अंडंच उबवायला घेतलंय. दुकानातल्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत तो शेगडीपाशी यायचा, उकळतं पाणी चहादाणीच्या अंगावर ओतायचा आणि म्हणायचा, "हिला आधी ऊब लागते."

"मलाही लागते," सूछिंग एकदा म्हणाली होती. त्याला ऐकूच गेलं नाही.

डिंगशू गावात चहादाणी काही कौतुकाची वस्तू नव्हे. जांभळी माती गावचीच. लोक चहा करत, पीत, चहादाणी साध्या पाण्याने विसळत आणि झाकण काढून वाळत ठेवत. साबण कोणी लावत नसे, कारण ही माती एकदा वास धरते तो सोडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून युनपेई चहादाणी 'पोसू' लागला होता. तिच्यात फक्त लाल चहा. हिरव्या चहाची सावलीही नको. उरलेला चहा तिच्या अंगावर ओतायचा, ब्रश फिरवायचा, मऊ फडक्याने चोळायचा आणि कोणी बघत नाहीसं पाहून ती नाकपुडीच्या कडेला घासायचा. नाकाच्या तेलाने झळाळी येते म्हणे.

माडीवर त्याचा मित्र थू येऊन बसायचा. "बघ, आता माती श्वास घ्यायला लागली," असं युनपेई म्हणाला की ते खाली ऐकू यायचं. सूछिंगच्या मनात यायचं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांचा श्वास ऐकायला हा शहाणा एकदाही उशाशी बसला नाही. आणि आता मातीचा श्वास ऐकतोय.

त्याचा राग येणं तर कधीचंच थांबलं होतं. राग यायलाही समोरचा माणूस थोडाफार मोठा लागतो. उरली होती ती निव्वळ तुच्छता, आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून सूछिंगचा दिवस अळणी गेला असता.

त्या शरदात मुलीचं, शीवनचं लग्न ठरत आलं. मुलाचा बाप मेई गनफा हा कालव्यावर वाळूची बोट चालवणारा. भेटायला आला तो गवताच्या दोरीने बांधलेल्या जिवंत खेकड्यांची टोपली घेऊन. युनपेईने ओल्या टोपलीकडे पाहिलं आणि ती जिन्यातच ठेवायला सांगितली. थूला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. मोठा माणूस चहा कसा पाजतो ते बोटवाल्याला दिसायला नको?

सूछिंग फराळाची ताटली घेऊन वर गेली तेव्हा प्रवचन रंगात आलं होतं. कुठल्या डोंगराची माती, कुठल्या भट्टीची आच, पाणी किती उंचावरून ओतायचं. मेई बिचारा उन्हातून आलेला, घसा कोरडा. समोर बोंडाएवढा पेला. त्याने तो एका घोटात संपवला आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग हसत हसत चहादाणीच उचलली आणि तोटी तोंडाला लावली.

"झकास चहा, दादा!" ओठ पुसत तो म्हणाला. "बोटीवर आम्ही असाच पितो."

युनपेईने चहादाणी घेतली, उरलेला चहा फेकला, उकळतं पाणी तोटीतून सोडलं. पुन्हा सोडलं. पुन्हा. मग नवं फडकं काढून तोटी पुसत म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका हं, व्याहीबुवा. माती नाजूक. ज्याचं तोंड लागेल त्याचा वास धरते."

थू फिस्सकन हसला.

मेईचे कान लाल झाले. "चूक झाली, दादा," असं म्हणून त्याने आपले राकट हात टेबलाखाली नेले. नंतर तो फार बसला नाही. दारापर्यंत पोचवायला सूछिंग खाली आली तेव्हा एवढंच म्हणाला, "वहिनी, पोरांना यातलं काही सांगू नका."

मेई गेला, थू गेला, युनपेई आडवा झाला आणि घोरू लागला. सूछिंग माडीवर गेली. चहादाणी आणली, गळ्यापर्यंत काळं व्हिनेगर भरलं, वरून ठेचलेला लसूण टाकला आणि दुकानाच्या मधल्या टेबलावर मांडली.

संध्याकाळी युनपेई खाली आला तेव्हा भट्टीवरचा एक हमाल तिच्यातून वॉनटनवर धार सोडत होता. "वहिनी, धार काय सुरेख पडते!"

युनपेईने त्याच्या हातून ती ओढून घेतली, हुंगली आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"आई गेली तेव्हा डोळे कोरडे होते तुझे, म्हाताऱ्या," सूछिंग म्हणाली.

"चहाच्या पत्तीत उकळून बघतो... कदाचित..."

"बघ ना. मेईच्या तोंडाचा वास गेला, मग हा का नाही जाणार?"

हमाल वाडग्यात तोंड खुपसून खात राहिला. सूछिंगला नवऱ्याची कीव येईल असं वाटलं होतं, निदान थोडी. आली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी शीवन कामावरून परतली. बापाचं तोंड पाहिलं, चहादाणी हुंगली. आईने सगळं सांगितलं, मेईने नको म्हटलं होतं तेसुद्धा.

"आणि हे तू मेईकाकांसाठी केलंस?"

"मग कोणासाठी?"

"काकांना कळलं तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखे होतील. आई, बाबांना असं रडवायची तू किती वर्षं वाट बघत होतीस. मी काय परक्या घरात वाढले?"

सूछिंग कांद्याची पात चिरत होती, ती चिरतच राहिली. 

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मेईने दोन्ही हातांनी युनपेईला दारूचा पेला भरून दिला. युनपेईने घेतला, प्यायला, 'माफ करा' मात्र म्हणाला नाही. चहादाणीचं काय झालं हे मेईला कोणी सांगितलं नाही.

युनपेईने पुढे दुसरी चहादाणी घेतली, साधीच. ती घेऊन तो खाली येईना. पाण्याचा थर्मास सकाळीच वर न्यायचा. थूचं येणंही कमी झालं. शेगडीपाशी उभी असताना सूछिंगचे कान वर लागलेले असत, आणि वरून एक शब्दही ऐकू येत नसे. तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि या गोष्टीची तिला चीडही यायची.

एका दुपारी ती भांडी न्यायला म्हणून वर गेली. तो एकटाच खिडकीशी बसला होता. त्याने दुसरा पेला काढला आणि चहा ओतून तिच्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने उभ्याउभ्याच प्यायला. "फिका आहे."

"पहिलं पाणी असंच असतं. बस, दुसरं बघ."

"दुसऱ्या पाण्यापर्यंत खाली माझं दुकान कोण बघणार? तुझा थू?" असं म्हणून तिने भांडी उचलली आणि जिना उतरली.