चौथी वायर

आमचे वडील, आबा, गेल्यावर माझ्या तिघा भावांनी शेळगावची जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, आन् शेवटी आबांची मारुती वाटायला घेतली. गाडी काय उसाचं रान हाय व्हय, बांध घालायला? पण इंजिनात प्लग निघाले तीन. लगीच ठरलं, एकेका प्लगची वायर एकेकाची. कुणी गुपचूप गाडी नेऊ नये म्हणून रोज सांजच्याला तिघं आपापली वायर काढून घरी न्यायचे. थोरल्या आप्पासाहेबाची देव्हाऱ्यात, मधल्या माऊलीची कपाटाच्या लॉकरात, आन् धाकटा शंभूराज ती गळ्यात घालून निजायचा. आमच्या आईचीबी तशीच वाटणी, चार-चार महिने एकेकाकडं.

मी तानू, त्यांची बहीण. मी हक्कसोडीवर सही केली, साडी घेतली आन् वालचंदनगरला आपल्या घरी गेले. मला कशातच धरलं न्हवतं.

आता प्लगची वायर काढायची तर इंजिन गार होऊ द्यावं, बुडाचं रबर चिमटीत धरावं, जरा डावी-उजवीकडं पिळावं, मग अल्लाद वर घ्यावं. वायरीला धरून ओढलं की आतनं तुटती. आबा गाडी खोलायचे तवा टॉर्च मीच धरायची, म्हणून मला ठावं. हे मेले मात्र बैलाचं शेपूट ओढावं तसं ओढायचे.

परवा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हतं, बारामतीला. तिला आबांच्या गाडीतनं न्यायचं ठरलं व्हतं, म्हणून मी सकाळीच शेळगावला आले. डोळ्याची पट्टी सुटंस्तवर आईनं माझ्याकडं ऱ्हावं, येवढंच माझं मागणं.

"लेकीकडं आई ऱ्हायली तर लोक तोंडात शेण घालतील," आप्पासाहेब म्हणाला. "आन् आता पाळी माऊलीची हाय."

अशी तिडीक गेली मस्तकात! मी गप बॉनेटकडं गेले आन् माझं काम उरकलं.

मागनं तिघांनी आपापल्या वायरी बसवल्या, नारळ फोडला, चावी फिरवली. गाडी ढिम्म. "तुझी वायर खराब!" "तुझीच खराब!" करता करता गचांड्या धरल्या की एकमेकांच्या.

मी पदराखालनं वायर काढली. "तुमी तीन मोजल्या. ही चौथी, कॉइलची. करंट आधी हिच्यातनं येतो, मग तुमच्याकडं. ही माझी वाटणी. आईला माझ्याकडं धाडा, आन् ही घ्या."

तिघं गोठ्यामागं कुजबुजायला गेले. वाटलं, आता तावातावानं येतील, "आई आमची हाय, वायर घाल चुलीत" म्हणतील. खरं सांगते, तसं म्हणाले असते तर मी वायर फुकट दिली असती.

आप्पासाहेब आला. "आईला ने. कायमची ने. वायर दे हिकडं."

आई ओट्यावरच बसलेली. तिला दिसत न्हवतं, पण कान शाबूत व्हते.

मी वायर दिली. "ही माझ्याकडं ऱ्हाईल," शंभूराज म्हणाला. "का? मी मेलो का?" म्हणून माऊलीनं दुसरं टोक धरलं, आप्पासाहेबानं मधी हात घातला. तटकन रबराची टोपी एकाच्या हातात आन् वायर दुसऱ्याच्या! झालं, बसा आता बोंबलत.

घरापुढनं बारामतीची एसटी निघाली व्हती. मी हात करून थांबवली, आईला खिडकीशी बसवलं.

"तानू, पोरं आल्यात का गं बाहेर? हात करत्यात का?"

मी बघितलं. तिघांची डोकी बॉनेटमधी व्हती, पाठी तेवढ्या दिसत व्हत्या.

"व्हय आये. तिघंबी."

आईनं खिडकीतनं हात बाहेर काढला आन् एसटी वळंस्तवर हालवत ऱ्हायली.