टाचेची खूण

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नाटकाच्या तालमीच्या खोलीत तीन पायऱ्यांचा लाकडी चौथरा आहे, त्यातली मधली पायरी म्हणजे मी. सुताराने मला बसवलं तेव्हा एका टोकाचा खिळा आखूड पडला. म्हणून पाय पडला की मी किंचित दबते.

माझ्यावर शिंपीकाका आणि त्यांची बायको शेजारी शेजारी उभे राहत. बारा माणसं मिळून एक शोकांतिका म्हणत, सगळी कवितेत. राणीचे तिन्ही मुलगे लढाईतून परत येत नाहीत आणि शेवटी सगळं गाव तिच्यासाठी रडतं. तो विलाप सोळा ओळींचा. शिकवणाऱ्या बाईंचा नियम एकच होता. विलाप कुठे तुटता कामा नये. श्वास जरूर घ्या, पण शेजारचा म्हणत असताना. दोघांनी एकदम घेतला की आवाजाला भोक पडतं.

ते भोक रोज माझ्यावरच पडायचं. एकवीस वर्षांच्या संसारात काका-काकूंना एकदमच श्वास घ्यायची सवय लागली होती.

"घरी काय ते एकत्र करा," बाई म्हणाल्या, "इथे आळीपाळीने."

सगळे हसले. काकांनी मान खाली घातली.

मग काकूंनीच युक्ती काढली. श्वास घेण्याआधी त्या टाच दाबायच्या. मी दबले की काकांच्या तळपायाला कळायचं आणि ते आवाज धरून ठेवायचे. टाच उचलली की त्यांची पाळी.

"आयुष्यभर माझं ऐकलं नाहीत," काकू म्हणाल्या, "आता टाचेचं तरी ऐका."

त्यांनी ऐकलं. प्रयोगही याच खोलीत व्हायचे. पहिल्या प्रयोगाला सोळा ओळी अखंड गेल्या. बाईंनी कौतुक केलं, माझं मात्र कुणी नाव घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी खूश होते.

पुढे काकू आजारी पडल्या आणि अठरा दिवसांत गेल्या.

दुसऱ्या प्रयोगासाठी बाईंनी त्यांच्या जागी दुसरी बाई सुचवली. काका एवढंच म्हणाले, "जागा राहू दे."

प्रयोगात विलाप सुरू झाला. काका खुणेची वाट बघत राहिले. मी दबले नाही. खूण आली नाही म्हणून त्यांनी श्वासही घेतला नाही. पाचव्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला, सहाव्या ओळीला थांबला. तोंड उघडंच राहिलं.

बाकीच्या दहा जणांनी विलाप तुटू दिला नाही. ऐकणाऱ्यांना काहीच कळलं नाही. बाईंनी हेच तर शिकवलं होतं. पण मला ते सोसलं नाही.

परवा दुपारी काका एकटेच आले. काकूंच्या जागी उभे राहून त्यांनी टाच दाबली. मग पटकन सरकून स्वतःच्या जागी आले आणि थांबले. तोवर मी सरळ झाले होते. त्यांनी तसं तीनदा केलं. तिन्ही वेळा मला दबून राहता आलं नाही.

आज सुतार येऊन गेला. फळी ढिली आहे म्हणाला. लांब खिळा खिडकीत ठेवलाय, उद्या ठोकणार आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे दुरुस्ती मागतात. मी उलटं मागते. डुगडुगणारं काही दिसलं तर लगेच हातोडी उचलू नका. आधी विचारा, तिथे कोण उभं राहत होतं.