पाइपातली हवा

"बाबा, चाक बसलं तरी समोरचा आकडा हालत काहून नाही?"

तेजस्विनीने विचारलं आणि मागच्या पोरी एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. पैज टीनाची होती. धर्मेंद्रकाका गाडी चालवताना त्यांना कोणी टोकत नाही, तू तर नाहीच. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तेजस्विनीला कुणी 'तू तर नाहीच' म्हटलं की राहवत नसे.

"बसलं नाही बेटा, तुह्या मैत्रिणींचं वजन हाय ते," धर्मेंद्र म्हणाला, आणि गाडी खिदळत महामार्गाला लागली. साकोलीला शाळेपुढे उतरल्यावर मात्र टीनाने मागच्या डाव्या चाकाकडे नुसतं बोट दाखवलं. रबर खरंच पसरलं होतं.

संध्याकाळी लाखनीला घरी आल्यावर बाबा चहाला आत गेले तशी तिने चाबी फिरवली, डिक्कीतला पायपंप काढला आणि त्याचा काटा त्या चाकाला लावून पाहिला. अठरा. गाडीतल्या पडद्यावर मात्र चारही चाकांपुढे तेहतीस. तिने नळी काढून पुन्हा लावली. अठराच.

ही गाडी चाकांची हवा स्वतः सांगते, हे साऱ्या पोरींच्या घरी ऐटीत सांगून आलेली तीच होती. चाकाच्या आत, हवा भरायच्या नळीला लागून काडेपेटीएवढं यंत्र असतं. ते हवा मोजतं आणि बिनतारी कळवतं. त्या भरवशावर तर ट्रकांच्या त्या रस्त्यावर लोक आपल्या मुली बाबांच्या गाडीतून शाळेत पाठवत होते.

पण धानाची रोवणी आली की बाबा शेतातल्या बांधीकडच्या चिखलासाठी खोल नक्षीची चारही चाकं चढवत. उन्हाळी चाकं गोठ्याच्या माळ्यावर जात. म्हणजे यंत्रंही माळ्यावर. मग पडद्याशी बोलतंय कोण?

डिक्कीत, पंपाच्या जागेखाली, पोत्यात गुंडाळलेला प्लास्टिकचा जाड पाइप होता. दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला हवेची नळी. तिने नखाने नळीची पिन दाबली. फुस्स झालं. वाकून पडद्याकडे पाहिलं तर चारही आकडे एकदम उतरत होते. तीस, सव्वीस, एकवीस. गाडी टीं टीं करू लागली. चाकं होती तशीच उभी होती.

तिचा अंगठा पिनेवरून उठेना. आवाजाने धर्मेंद्र कप घेऊनच ओसरीवर आला.

तो रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं. त्याने सगळं सांगितलं. पावसाळी चाकं लावली की पिवळा लाइट जळतच राहायचा. तो पाहून एका बापाने पोरगी गाडीतून उतरवून नेली होती. या चाकांना वेगळी यंत्रं बसवून गाडीला त्यांची ओळख करून द्यायची तर नागपूर गाठावं लागलं असतं. मग टायरवाल्या हिरालालने उन्हाळी चाकांतली यंत्रं काढून पाइपात घातली, हवा भरली, तोंडं चिकटवली.

"दोन महिन्याची तं गोष्ट हाय बेटा. चाकं मी रोज डोळ्यानं पायतो."

"आज पायली?"

धर्मेंद्र कपात बघू लागला.

तारेवरचे कपडे काढणाऱ्या आईकडे ती वळली. आता आई बाबांना चांगलं सुनावेल, असं तिला वाटलं होतं. रीताने लेकीचीच शाळेची ओढणी काढली, टोकाला टोक जुळवून घडी घातली.

"त्याइले काही म्हणू नको. लाइट बंद करा म्हणून मीच मागं लागली होती."

"तुले पाइप मालूम होता?"

"होता."

"आन् मी रोज समोर बसतो, ते?"

रीताने घडी उलगडली, पुन्हा घातली.

तेजस्विनीने चाबी काढली. टीं टीं थांबलं. मंचावर कधी न कापलेला तिचा आवाज जरा कापला, पण ती बोलली.

"मी आता टीनाच्या घरी चालली. मंग बाकीच्याइच्या. पाइपाचं सगळं सांगणार हाव. चाबी माह्यापाशी राहीन."