पायाचं माप

माझी उंची चार फूट आठ इंच. बाजारातली एकही सायकल मला होत नाही. पाय पोचतात ते लहान पोरींच्या सायकलीवर, आणि तिच्यावर साठीतली रिटायर मास्तरीण बसली की लातूरला फुकटचा तमाशा! म्हणून म्हटलं, आपल्या मापाची फ्रेमच बनवून घ्यावी. आमचे यजमान दत्तोपंत होते तोवर तीस वर्षं त्यांच्या स्कूटरवर मागं बसून फिरले. ते जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरातच बसून आहे. ऑटोवाल्याला कुठं जायचं ते सांगावं लागतं. मला नुसतंच फिरायचं होतं.

मुलगा आलोक बंगळूरहून म्हणाला, "आई, या वयात पडलीस तर कोण बघणार?" झालं! तो काही येणार नव्हता, हे मलाही ठाऊक होतं.

फ्रेम बनवणारे पुण्याचे रविकिरण. त्यांनी माप मागितलं. शिंप्याला कसं आपण मापाचं ब्लाउज देतो, तशी मी अंगात नीट बसणारी एक सलवार इस्त्री करून कुरिअरनं धाडली. त्यांचा फोन आला. बिचारे हसू दाबून बोलत होते.

"काकू, कापडाचं नाही, पायाचं माप लागतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये पुस्तक वर दाबून धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. एकट्यानं मोजू नका, वाकलं की चुकतं. घरात कुणाला तरी सांगा. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर पुढची ऑर्डर हाती घेतो."

घरात कुणाला म्हणे! मी एकटीनंच मोजलं. जन्मभर गणित शिकवलं, आणि चार वेळा चार आकडे आले. शनिवारी सकाळी वाटलं, डोंबलाची सायकल, नको म्हणून सांगून टाकावं. फोन हातात घेतला आणि रडूच आलं. टेप धरायला माणूस नाही म्हणून नको म्हणायचं?

तशीच शेजारच्या गौरम्माकडं गेले. तिच्या शेवग्याचा पाला माझ्या अंगणात पडतो म्हणून मीच भांडले होते. वर्षभर बोलणं बंद.

दारातूनच म्हटलं, "माझं माप घ्यायचंय. येता का?"

"कशाचं ओ?"

"सायकलीचं."

"अगं बाई!" म्हणाली, पण पदराला हात पुसत आली.

मी भिंतीला टेकले. गौरम्मा खाली बसली. "टाच उचलून राहिल्या की बाई तुम्ही," म्हणत तिनं माझं पाऊल दोन्ही हातांनी धरून फरशीला टेकवलं. तिचे हात गरम होते. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"सव्वीस इंच," ती म्हणाली.

तिच्यासमोरच रविकिरणना फोन लावला. "सव्वीस. बनवा."

गौरम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. माप बरोबर होतं, मला पक्कं ठाऊक होतं.

"थांबा हो," मी परत भिंतीला टेकले. "एकदा परत मोजा."