क्लाईम सर काय म्हणाले

बाबांच्या तोंडून शब्द फुटला तो दाढीच्या फेसातून. अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि तेव्हापासून सगळं घर त्यांच्या ओठांकडे डोळे लावून बसलं होतं. औषधांना जे जमलं नाही ते सलूनवाल्याच्या थट्टेनं केलं. हा सलूनवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. सरांना दुकानात येता येत नाही म्हणून ब्रश-वस्तरा घेऊन घरी यायचा. त्या दिवशी गालाला फेस फासता फासता तो म्हणाला, “काय सर, विसरलात आम्हाला? बाकावर उभं करून काय म्हणून घ्यायचात? आय क्लाईम...”

“यू क्लाईम,” बाबा म्हणाले.

सलूनवाल्याचा हात हवेतच राहिला. बाबा थांबेनात. ही क्लाईम्स, वुई क्लाईम, दे क्लाईम. वर्तमानकाळ उरकून ते भूतकाळात शिरले, तिथून भविष्यकाळात, आणि आवाज कसा खणखणीत, जणू समोर अख्खा वर्ग बसलाय.

आई स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच धावत आली. “बोलले? अगं, बोलले ना हे? काय म्हणाले?”

लेक दारात उभी होती, कडेवर बाळ. बाबांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि आईनं आयुष्यभर ते घरात शिरू दिलं नाही. “तुमचं ते इंग्रजी चपलांबरोबर दाराबाहेर काढून येत जा,” असं ती म्हणायची, आणि तेही हसत हसत काढून यायचे. आता आईच्या हातातल्या पळीतून आमटी फरशीवर ठिबकत होती, डोळे वाहत होते, आणि ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. हे क्रियापद आहे, चढणे, त्याची रूपं म्हणतायत, असं अशा माणसाला कोण सांगणार?

“म्हणाले, आता बरं वाटतंय,” लेक म्हणाली.

सलूनवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो वस्तरा पुसत बसला. जाताना जिन्यात हळूच म्हणाला, “ताई, आम्ही सरांना क्लाईम सरच म्हणायचो. मारायचे नाहीत कधी. चुकलं की पहिल्यापासून चढायला लावायचे.”

वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी नंतर लेकीला नीट समजावलं. वर्षानुवर्षं घोकलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं, पाढे राहतात, प्रार्थना राहतात. ते बाहेर आलं म्हणजे बोलणं परत आलं असं नाही. “मग बोलणं कधी येईल?” तिनं विचारलं. बाई बॅगची चेन लावत राहिल्या. ती चेन लावायला फार वेळ लागला.

हे आईला सांगायचं ठरवूनच लेक दुसऱ्या दिवशी आली होती. पण आईनं केस विंचरून नीट अंबाडा घातला होता. कितीतरी दिवसांनी.

“ये, ये. सकाळपासून दोनदा बोललेत. मी म्हटलं थांबा हो, तुमची दुभाषी येऊ दे. विचार बरं, भाजीत मीठ बरोबर होतं का.”

लेकीनं विचारलं. बाबा म्हणाले, आय हॅव क्लाईम्ड, यू हॅव क्लाईम्ड.

“म्हणतात, तुझ्या हाताला तोड नाही.”

“इश्श!” आई म्हणाली, आणि पदर सावरत आत गेली.

मग ते सुरूच झालं. बाळ दुपारी झोपलं की आई आपले प्रश्न घेऊन पलंगाशी येऊन बसायची. कुठली चादर घालू, रात्री पाय दुखतात का, शेजारीण आगाऊ आहे की नाही. आणि लेक कधी पूर्ण भूतकाळातून, कधी आज्ञार्थातून उत्तरं काढून द्यायची. काटकसरीनं सुरुवात केली होती तिनं, नुसतं हो, नाही, बरं. पण खोट्यातही हात बसतो. बाबा म्हणतात, तू वाळलीस. बाबा म्हणतात, हिरवा रंग तुला खुलतो. बाबा म्हणतात, माझ्यापायी तुझे हाल झाले.

यावर आईनं बाबांच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, “बघ हं. उभ्या संसारात या माणसानं मला एक गोड शब्द दिला नाही. वाचा गेली आणि बोलायला शिकले.”

दोन घरं सांभाळता सांभाळता लेक मात्र मेटाकुटीला आली होती. सकाळी आपला स्वयंपाक, मग बाळाला गुंडाळून बस, बाबांना पुसणं, कूस बदलणं, परत बस. अंगावर पिणारं लेकरू प्रवासात रडायचं, आणि शेजारच्या बायका आईपणाचे धडे द्यायच्या. एकदा बाबांच्या पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, नि बाळ मांडीवरून घसरता घसरता वाचलं. त्या रात्री नवरा म्हणाला, “दोघांना इकडेच आणू. मागची खोली मोकळी करतो.” आणि दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच केली. भिंतीला रंग दिला, पलंगाला कठडा बसवून घेतला.

आईसमोर विषय काढला तर ती ताठ झाली. “माझं काय गं, मी कुठंही पडेन. पण घर ह्यांनी उभं केलंय. ह्यांना न विचारता कशी उचलून नेऊ? विचार तू. हो म्हणाले तर आत्ता निघते.”

मग तीच वळली, पलंगाशी वाकली, बाबांच्या निर्जीव हातावर हात ठेवून म्हणाली, “अहो, लेकीकडे राहायला जायचं का? खरं सांगा. माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नका.”

बाळ बाबांच्या पायाशी पालथं पडून चादर चोखत होतं. बाबांनी आईकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी होतं, नाही असं नाही. ओठ हलले, कपाळाची शीर फुगली, आणि आलं ते हेच. इफ आय हॅड क्लाईम्ड. इफ यू हॅड क्लाईम्ड. इफ ही हॅड क्लाईम्ड.

“काय म्हणाले?”

एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. रंगवलेली खोली तयार होती, बसचे हेलपाटे सुटणार होते, झोप मिळणार होती. आणि आई तर बाबांकडे बघतच नव्हती, ती हिच्या ओठांकडे बघत होती, अगदी विश्वासानं. आजवरचं सगळं खोटं आईसाठी होतं. हे एक आपल्यासाठी आहे, हे लेकीला त्याच क्षणी कळलं, आणि जीभ उचलेना.

“आई, बाबा काही म्हणत नाहीयेत गं.”

“आत्ता तर बोलले.”

“ते शाळेतलं आहे. मुलांकडून घोकून घ्यायचे ते. तेवढंच उरलंय. सुरुवातीपासून तेवढंच आहे.”

आई सरळ झाली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत राहिला.

“मग भाजीचं?”

“मीच म्हटलं.”

“हिरव्या रंगाचं?”

“मीच.”

“माझे हाल झाले, ते?”

लेकीनं मान खाली घातली. आईला तेवढं पुरलं. ती रागावली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली आणि गुडघ्यावरची साडीची सुरकुती हातानं सपाट करत राहिली, पुन्हा पुन्हा.

“मला वाटलं, तेवढंच तुला बरं वाटेल,” लेक म्हणाली. “तू रोज वाट बघायचीस गं. मला नाही राहवलं.”

“तुझं नाही चुकलं,” आई म्हणाली. मग बाळाकडे वळत, “चुकलं. पण तुला बोल नाही लावत मी.”

तिनं उठून बाळाला उचललं, त्याच्या तोंडातली चादर सोडवली, आणि लेकीकडे दिलं.

“जावईबापूंना फोन कर. उद्या गाडी घेऊन या म्हणावं.”

“आई, तसं नको. तू सावकाश विचार कर.”

“विचार कसला? आता विचारायचं कुणाला?”

ती कपाटाशी गेली. बाबांचे दोन सदरे काढून तिनं दोन्ही हातांत उंच धरले, एक पांढरा, एक निळ्या रेघांचा, आणि सवयीनं पलंगाकडे वळली. बाबा छताकडे बघत पुटपुटत होते. आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग पांढरा परत ठेवला, आणि रेघांचा घडी घालून पिशवीत टाकला.