पाण्यावरचा मंगळवार

तुम्ही सुजाताला बक्षीस दिलंत. कुणी सांगितलं होतं? मोठा स्टीलचा डबा दिलात, वर लाल रिबीन बांधलेली. तिच्याबरोबर फोटो काढलात, टाळ्या वाजवायला लावल्यात आणि गाडीत बसून निघून गेलात. डब्यात भरायचं काय, हे काही तुम्ही सांगितलं नाहीत. तुमचं शिबिर पार पडलं, पण एक घर मोडलं. कसं मोडलं ते आता ऐका, आणि मधेच उठू नका.

सुजाताचं घर कन्हेरीत, विहाराच्या मागच्या आळीला. नवरा गोकुळ दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. भाडं लागलं तर त्याला दिवसाचा रोज मिळतो, नाहीतर टेम्पो पुसत बसायचं. मुलगी साक्षी सातवीला. सासरा कचरूआबा पंचाहत्तरीकडं झुकलेला. आणि सुजाता स्वतः बारामतीला कपड्यांच्या कंपनीत, शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायला. ठेकेदार आठवड्याचा पगार गुरुवारी वाटतो, आणि बारामतीचा बाजारही गुरुवारीच.

दिवे लागले की बाया बाजारातून घरी निघतात, ही तेव्हा बाजारात शिरते. सकाळी ज्या वांग्यांना माळवंवाला बोट लावू देत नाही, तीच वांगी तो तिन्हीसांजेला आपणहून तिच्या पिशवीत ओततो. त्याला पोतं झटकून घर गाठायचं असतं. तुरीच्या डाळीत ती निम्मी मसूर घालते, ज्वारीत रेशनचा गहू दळते. तेलाची पिशवी रिकामी झाली तरी रात्रभर वाटीवर उलटी टांगून ठेवते. एवढं करूनही सोमवारी रात्री पिठाच्या डब्यात हात घातला की बोटं तळाला लागायची. बाजार तीन दिवस लांब.

मग तिनं एक तोड काढली. मंगळवारी आणि बुधवारी डबाच न्यायचा नाही. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बाया गोल करून बसल्या की सांगायचं, आज माझा उपास. आणि रात्री घरी सांगायचं, कंपनीत जेवले, पोट भरलंय. दोन्हीकडची तोंडं बंद. माणूस उपाशी आहे म्हटलं की लोक कीव करतात, उपास आहे म्हटलं की मान देतात. सुजाताला कीव नको होती. तिच्या शेजारी बसणारी आक्काबाई तिच्याच गावची, मनानं भोळी. ती एकदा म्हणाली, अगं, साबुदाणा तरी आणत जा भिजवून. साबुदाण्याचा भाव सुजाताला माहीत होता.

"माझा कडक असतोय," ती म्हणाली. "पाण्यावरचा."

आक्काबाईनं हात जोडले.

आता ह्यातली गोम तुमच्या ध्यानात येणार नाही, म्हणून सांगतो. बौद्धाच्या घरात उपास नसतो. कचरूआबाच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव पाटीत भरले. ती पाटी पाच वर्षांच्या कचरूच्या डोक्यावर दिली. पोरगं बापाच्या मागं नीरेपर्यंत चालत गेलं आणि पाटी पाण्यात ओतून रिकाम्या डोक्यानं घरी आलं. तो दिवस आबा अजून सांगतो, मान कशी अवघडली होती तेही सांगतो. गोकुळसाठी त्यानं मुलगी बघितली तीसुद्धा नावावरून. उपाशी बुद्धाला खिरीची वाटी दिली ती सुजाता. आमच्या घरात आता कुणी उपाशी राहायचं न्हाय, असं म्हणून म्हातारा सोयरीक पक्की करून उठला होता.

तर तुमचं शिबिर आलं. गावातल्या बचत गटाच्या सगळ्या बाया समाजमंदिरात बसवल्यात. भिंतीवर चित्रं दाखवलीत, आठवड्याच्या किराण्याचं नियोजन कसं करावं, वायफळ खर्च कसा टाळावा. म्हातारी माणसं पोह्यांच्या वासानं मागं येऊन बसली होती, त्यात कचरूआबाही होता. तुमच्या मॅडमनी विचारलं, चार माणसांचं घर सगळ्यांत कमी पैशात कोण चालवतं? सुजाता आली पहिली. माईक तिच्या तोंडापुढं धरलात, म्हणालात, तुमचं गुपित सांगा. ती बिचारी वांग्यांचं बोलली, तेलाच्या पिशवीचं बोलली आणि थांबली. तेवढ्यात मागनं आक्काबाई कौतुकानं बोलली, मॅडम, ती मंगळवार-बुधवार उपासबी धरती, आन त्योबी कडक.

मॅडम खूश. श्रद्धा पण, बचत पण, आणि वजन आटोक्यात राहतं ते वेगळंच, असं म्हणाल्या. सगळ्या हसल्या, टाळ्या पडल्या. सुजातानं डबा घेतला आणि मागं पाहिलं. आबाची जागा रिकामी होती. पोह्यांची बशी तशीच.

आबा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बोलायचाच बंद झाला. चार दिवस साक्षीच्या हातनं पाणी मागायचा. विहारात संध्याकाळी जायचा तेही सोडलं. लोक विचारतील, सुनेनं कुठला देव आणला घरात, तर सांगायचं काय? गोकुळनं सुजाताला विचारलं, ती म्हणाली, आक्काबाईला काहीतरी चुकीचं कळलंय. गोकुळ त्याहून जास्त विचारायच्या भानगडीत पडला नाही. विचारलं असतं तर उत्तर पेलावं लागलं असतं.

बुधवारी घरात कुणी नसताना आबानं देव शोधायला घेतला. त्याची खात्री होती, सुनेनं एखादा टाक नाहीतर तसबीर लपवली असणार, आणि बाई लपवून लपवून कुठं लपवणार, तर चुलीपाशीच. मांडणीवरचा एकेक डबा त्यानं खाली काढला. एकेकाचं झाकण उघडलं, आत हात घालून चाचपलं.

सुजाता कामावरून आली तेव्हा सगळे डबे जमिनीवर उघडे होते आणि म्हातारा त्यांच्या मधोमध बसला होता. पुढ्यात एक झाकलेली वाटी. तिच्यात संध्याकाळचं पीठ काढून ठेवलेलं, तीन भाकरींचं. बक्षिसाचा डबाही तिथंच होता. त्याची लाल रिबीन आबानं सोडून नीट घडी घालून ठेवली होती.

"देव हुडकत हुतो," आबा म्हणाला.

सुजातानं दारातच पिशवी खाली ठेवली.

"न्हाय घावला. कायच न्हाय घावलं." त्यानं वाटी जराशी पुढं सरकवली. "ह्यात तीन भाकरी व्हत्यात. माणसं चार हायती."

"मी कंपनीत जेवते, आबा."

"कंपनीत उपास, घरात जेवून आले." म्हातारा हळूच बोलला. "आन मी रोज राती म्हणत हुतो, आमटी पातळ हाय. अजून अर्धी वाढ म्हणत हुतो. वाढत हुतीस की गं तू."

सुजाता खाली बसली आणि एकेका डब्याचं झाकण लावू लागली. रिकाम्या डब्याचं झाकण जपूनच लावावं लागतं, नाहीतर आवाज शेजारी जातो. त्या संध्याकाळी आबानं अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी सुजाताच्या ताटात टाकली आणि ती खाईपर्यंत समोरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन धोतरं घालून तो इंदापूरच्या एसटीत बसला. तिकडं त्याची मुलगी सारजा राहते. तिची आठवण आली म्हणाला, चार दिवसांत येतो म्हणाला.

आला नाही. महिना होत आला तेव्हा सारजाचा फोन आला. सारजा इंदापुरात लोकांची धुणीभांडी करते, तिच्या घरी धान्याची कोणती पोती रचून ठेवलीत?

"वयनी, आबाच्या डोक्यात काय भरवलंत तुमी?" ती म्हणाली. "मंगळवार धरलाय म्हंतोय. पाण्यावर ऱ्हातोय दिवसभर. बुधवारीबी तसंच. आळीतली माणसं हसत्यात मला. देव पाण्यात सोडणारा आमचा आबा, त्यो उपास करतोय?"

सुजाताला तो उपास लगेच ओळखू आला. सांगावं तरी कसं? सांगितलं तर सारजाच्या गरिबीवर बोट ठेवल्यासारखं होतं. फोन तिनं ठेवून दिला आणि रविवारी दूध-तांदूळ घेऊन खीर केली. घरात दुसरा चांगला डबा नव्हता, म्हणून तुमच्या डब्यात भरली आणि एसटीनं इंदापूर गाठलं.

आबा सारजाच्या उंबऱ्यापाशी बसला होता. गालफडं आत गेलेली. डबा उघडल्यावर त्यानं वास घेतला, सुनेकडं पाहिलं आणि हसला. दोन घास खाल्ले. मग सारजाच्या पोरांना हाका मारल्या आणि डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"घरी चला, आबा."

"तिकडं भाकरी पुरती का आता?"

सुजाताला खोटं बोलता आलं असतं. कंपनीत बोलली होती, घरात बोलली होती. पण खरं तेच तोंडातून आलं. "पुरती."

"मंगळवारी जेवतीस?"

"जेवते."

"मग झालं की," आबा म्हणाला. "मी हितंच बरा हाय."

परतीच्या एसटीत ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. पोरांनी तो चाटूनपुसून साफ केला होता.

आता तिच्या घराचा खर्च आणखी कमी झाला आहे. तुमच्या हिशेबानं ती पुन्हा पहिली येईल. बोलवा तिला पुढच्या शिबिराला, माईक धरा तोंडापुढं, गुपित विचारा. पण त्याआधी एक सांगा. सगळे देव डोक्यावरून वाहून नीरेत सोडलेला कचरूआबा आज इंदापुरात मुलीच्या दारात मंगळवार धरून बसलाय. तो मंगळवार कुठल्या देवाचा? नाव घ्या त्याचं. बक्षीस देताना बोलत होतात, आता का गप्प? उत्तर द्या.