हाँगकाँगची पेटी

सुनेचं वागणं बघून नानाय पासिंगच्या डोक्यात रोज सकाळी तिडीक जायची. घरात कामं पडलेली असायची, आणि ही जोविलिन अंगणात टब मांडून मेकअपचे ब्रश धूत बसायची. आणि ब्रश तरी कसले? मंगळवारच्या बाजारात बादल्या न् खराट्यांच्या शेजारी ढीग घालून विकतात ते, चाळीस पेसोंना एक. ते आणताना तिची ऐट बघावी! विकणाऱ्याच्या समोर उभी राहून एकेकाचे केस ओढून बघणार, गळतात का म्हणून. मग स्वतःच्या पापणीवर फिरवून बघणार, टोचतो का म्हणून. दांड्याला धरणारी पत्र्याची पट्टी हलवून बघणार, वास घेणार. विकणारा वैतागून म्हणायचा की बाई, ब्रश घेतेस की नवरा?

आणि घरी आणल्यावर त्यांचे लाड! कोमट पाणी, लहान मुलांचा शॅम्पू, तळहातावर गोल गोल फिरवायचं, केस कायम खाली धरायचे म्हणजे पट्टीत पाणी शिरून डिंक सुटत नाही. मग फडक्यात दाबून, दोरीवर उलटे टांगून सावलीत वाळवायचे. नानाय येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची की माझ्या मुलाने जहाजावर जाताना मागे बायको ठेवली असं मला वाटलं होतं, निघाली धोबीण.

नानायचा तोरा उगाच नव्हता. शाळा तिसरीत सुटली, पण चाळीस वर्षं त्या किनाऱ्यावरच्या गावात नवरीचा चेहरा रंगवायचा तो तिनेच. मे महिन्यातल्या क्रुसाच्या मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी जी राणी चालते, रेइना एलेना, तिचे डोळेही नानायच रंगवायची. आणि माणूस गेलं की शवपेटीतला चेहराही तिच्याच हातचा. लेकरं परदेशांतून येईपर्यंत मढं आठ-आठ दिवस घरात उघड्या पेटीत असतं. आलेल्याने तोंड बघून म्हटलं पाहिजे की झोपल्यासारखी दिसते. नानायच्या हातचं मढं झोपल्यासारखंच दिसायचं.

तिच्याकडे एक पेटी होती. धाकटी लेक हाँगकाँगमध्ये लोकांची घरं झाडते, तिने पहिल्या दोन वर्षांच्या कमाईतून पाठवलेली. आत काळ्या दांड्याचे, बकरीच्या केसांचे बारा ब्रश. त्यांना नानायने कधी पाणी लावलं नव्हतं. धुतले की केस राठ होतात, असं तिचं मत. फडक्याला पुसायचे आणि पेटी बंद. जोविलिनने लग्नानंतर एकदाच म्हटलं होतं, की नानाय, ब्रश महागाचा असला तरी मळ त्याला फुकटच लागतो. त्यानंतर महिनाभर सासूने तिच्या हातची कॉफी घेतली नाही.

त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात नानायची थोरली बहीण लुर्दिंग गेली. छातीत कफ भरून, दहा दिवस डोळ्यांतून आणि नाकातून गळत गळत गेली. लुर्दिंगला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून शवपेटी नानायच्याच पुढच्या खोलीत ठेवली. मुलगा दुबईहून यायचा होता, त्याला रजा मिळायला आठवडा जाणार होता.

बहिणीचा चेहरा नानायने दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. हाँगकाँगची पेटी उघडली. गार पडलेल्या कातडीवर पावडर बसत नाही, म्हणून ब्रश पाण्यात बुडवून ओल्या हाताने थापावी लागते. सुजलेल्या पापण्यांवर तिने तीनदा थर दिला. रडली नाही. काम झालं, ब्रश पुसले, तसेच ओलसर पेटीत घातले आणि झाकण लावलं.

जोविलिन टब घेऊन आली. घरात मढं असेतो त्या घरात कुणी अंघोळ करत नाही, केस विंचरत नाही, झाडू मारत नाही. त्याने आणखी कुणीतरी जातं असं सगळे मानतात, आणि जोविलिनही मानायची. म्हणून टब काखेत मारून ती हळूच म्हणाली, की आपण सगळे अंघोळीला शेजारी जातोच आहोत, तर मी हे ब्रशही तिकडे नेऊन धुते.

नानायने पेटी छातीशी धरली. माझ्या लेकीची पेटी शेजारच्या विहिरीवर नेणार? उद्या गावभर होईल की पासिंगचे ब्रश किती मळलेत ते. पुढच्या खोलीत पत्ते खेळणाऱ्या माणसांनीसुद्धा माना वळवल्या इतक्या मोठ्याने ती बोलली. जोविलिन टब घेऊन मागे गेली.

बायांनो, इथे नीट लक्ष द्या. रीत आड आली नव्हती. रीतीने शेजारचं दार उघडं ठेवलं होतं. आड आला तो नानायचा तोरा.

पाचव्या दिवशी मिरवणूक होती. रेइना एलेना होणार होती क्रिझेल, मेर्लिंडाची चौदा वर्षांची पोर. मेर्लिंडा विधवा. मायलेकी ताडाच्या कोवळ्या पानांच्या तंतूंच्या टोप्या विणून पोट भरायच्या. इतकं बारीक विणकाम की दुपारी बाराच्या उजेडातही डोळे ताणावे लागतात. आणि मेर्लिंडाची नजर अधू झाल्यापासून बारीक काठ सगळे क्रिझेलच करायची. अशा घराला राणीचा मान पहिल्यांदाच मिळालेला. शोकात असूनही नानायने नाही म्हटलं नाही.

ती आणि जोविलिन निघाल्या. मढ्याच्या घरातून थेट कुणाच्या दारी जायचं नसतं, मेलेलं माणूस पाठोपाठ येतं. म्हणून वाटेत बेकरीत थांबून दोघींनी अर्धा अर्धा पाव खाल्ला. लुर्दिंग मागे आली असलीच तर तिथेच राहावी म्हणून. हाँगकाँगची पेटी सगळा वेळ नानायच्या काखेत होती.

मेर्लिंडाच्या घरी जोविलिनने पोरीचे केस बांधले, गालांवर पावडर लावली. मग आपल्या लाल दांड्यांच्या ब्रशांतला सगळ्यांत लहान, स्वच्छ धुऊन वाळवलेला पुढे केला. डोळ्यांना हा घ्या ना, नानाय.

“राणीच्या डोळ्यांना चाळीस पेसोंचा ब्रश?” म्हणत नानायने तो बाजूला सारला आणि पेटी उघडली. आतून कोंदट वास आला. जोविलिनने पेटीवर हात ठेवला, नानायने तो झटकला. वाळून काटा झालेले केस पापणीच्या कडेवरून फिरले तशी क्रिझेल दचकली.

“लोला, टोचतंय.” गावातली माणसं नानायला लोला, म्हणजे आजी, म्हणायची.

“राणीने कुरकुरायचं नसतं,” नानाय म्हणाली. “डोळा उघडा ठेव.”

पोरीने उघडा ठेवला.

मिरवणूक छान झाली. फुलांच्या कमानीखाली क्रिझेल चालली तेव्हा मेर्लिंडा पदपथावर उभी राहून लहान मुलीसारखी रडली. सोमवारी पोरीचा उजवा डोळा लाल झाला. दुकानदाराने थेंब दिले. बुधवारी पापणी उघडेना, गुरुवारी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. शुक्रवारी मेर्लिंडाने तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, ह्या डोळ्याला काय लागलं होतं? मग सांगितलं, बुबुळावर ओरखडा आहे आणि त्यात घाण शिरून जखम सडली आहे. डोळा वाचवू. नजरेचं सांगता येत नाही.

डोळा वाचला. नजर गेली.

मेर्लिंडा नानायच्या अंगणात आली तेव्हा लुर्दिंगला पुरून दोन आठवडे झाले होते. तिने आरडाओरडा केला नाही. मेकअप चालला होता तेव्हा ती मिरवणुकीचा झगा उसना आणायला गेली होती, त्यामुळे तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की माझ्या पोरीच्या डोळ्याला लावला तो ब्रश कोणता? पोर विचारलं की मान खाली घालते, मोठ्या माणसाचं नाव घेत नाही.

दोरीवर लाल दांड्यांचे ब्रश उलटे टांगलेले होते. नानायने त्यांच्याकडे बघितलं. “घरातले ब्रश सून आणते,” ती म्हणाली. “बाजारातले स्वस्तातले. मी किती वेळा सांगितलं.”

बोलली एवढंच. त्यात खोटं शोधायला गेलं तर सापडणार नाही, असं तिचं तिलाच वाटलं. जोविलिन टबाशी बसली होती. तिने सासूकडे बघितलं, मग हातातल्या फेसाकडे. ती ब्रश घासत राहिली. मेर्लिंडा तिच्यासमोर थुंकली आणि गेली.

त्यानंतर गावाने जोविलिनला वाळीत टाकलं म्हणा ना. दोन लग्नांतली मेकअपची कामं तिच्या हातची गेली. बाजारात बायका तिच्याकडे बघून पोरींचे चेहरे पदराआड लपवावेत तसे वळवायच्या. स्वस्ताईने पोर आंधळी केली, असं मासे विकणारीही म्हणायची. आणि नानायकडे कामं येत राहिली. तुमचे ब्रश हाँगकाँगचे ना, लोला, म्हणून.

जोविलिन रोज सकाळी टब मांडायची. वापरलेले नसले तरी धुवायची. आता ते बघून नानायच्या डोक्यात तिडीक जायची नाही. ती उठून आत जायची. एकदा ती म्हणाली, किती धुशील त्यांना, झिजतील. जोविलिन म्हणाली, लोकांना वाटतं ते मळलेत, नानाय, म्हणून धुते.

एका लग्नाच्या आदल्या सकाळी नानायने पेटी उघडली. वास तोच. डोळ्यांचा ब्रश उजेडात धरला. केसांच्या मुळाशी करडा थर धरला होता, आणि त्यात एक आखूड पांढरा केस अडकलेला. लुर्दिंगच्या भुवईचा. मिरवणुकीआधीपासूनचा.

सून बाजारात गेली होती. नानाय अंगणात त्या टबाशी बसली. गुडघे वाकत नव्हते, तरी बसली. कोमट पाणी घेतलं, शॅम्पूचे दोन थेंब टाकले, केस खाली धरून तळहातावर ब्रश गोल फिरवला, सून करते तसा. पहिलं पाणी काळं आलं. दुसरं तपकिरी. तिसऱ्या पाण्यात तळहातावर एक फिकट पिवळसर रंग उतरला, तो नानायने स्वतःच्या हाताने मिसळला होता. गार पडलेल्या कातडीचा तो रंग मढ्यांखेरीज दुसऱ्या कुणासाठी ती कधी वापरत नव्हती.

बहिणीचा चेहरा तिच्या तळहातावर होता. हाच तिने त्या पोरीच्या उघड्या डोळ्यात घातला होता. डोळा उघडा ठेव म्हणाली होती.

अर्धा पाव खाऊन लुर्दिंगला तिने बेकरीत थांबवली होती! आणि काखेत घेऊन गेली होती!

लुर्दिंग गेली तेव्हा न रडलेली बाई आता रडली. जोविलिन परतली तर सासू टबाशी, आणि बाराच्या बारा काळ्या दांड्यांचे ब्रश लाल दांड्यांच्या शेजारी दोरीवर उलटे. सहांचे केस धुताना गळून पडले होते. नानाय म्हणाली, हात दे, उठव मला, आणि चल.

मेर्लिंडाच्या ओसरीवर चार-पाच जणी टोप्या विणत होत्या. क्रिझेल भिंतीशी बसली होती. तिच्या हातात काठ नव्हता, जाड चटईची पात होती. एका डोळ्याला बारीक तंतूंचा अंदाज येत नाही. नानाय पायरीवरच उभी राहिली. तिने बसायला मागितलं नाही. रिकामी पेटी उघडून उलटी केली आणि सगळं सांगितलं. ओला ब्रश, बंद पेटी, पाच दिवस, सुनेने धुवायला मागितला तो तिने दिला नाही, पोर टोचतंय म्हणाली तरी थांबली नाही. आणि नंतर अंगणात जे बोलली, तेही.

विणणारे हात थांबले. मेर्लिंडाने हातातली टोपी खाली ठेवली. मग तिने विचारलं, “ह्याने माझ्या पोरीला दिसेल का?”

“नाही,” नानाय म्हणाली.

“मग कशाला आलीस?”

“तू चुकीच्या बाईवर थुंकलीस म्हणून.”

मेर्लिंडाने मान फिरवली आणि विणायला घेतलं. माफी दिली नाही. नानायने मागितलीही नव्हती. क्रिझेल तेवढी म्हणाली, “लोला, मला माहीत होतं कोणता ब्रश ते.” आणि पुन्हा पात हातात घेतली.

बायांनो, ब्रश स्वस्तातला घ्या, त्यात कमीपणा कसला? ओढून बघा, पापणीवर फिरवून बघा, आणि मग घ्या. पण एका तोंडाचा दुसऱ्या तोंडाला लावण्याआधी धुवा आणि वाळवा, मग तो चाळीस पेसोंचा असो नाहीतर लेकीच्या दोन वर्षांच्या घामाचा. आणि घरातली धाकटी काही धुवायला मागत असेल, तर आपलं मोठेपण जरा बाजूला ठेवून तिच्या हातात द्या. मोठेपण मागाहून परत घेता येतं. नानायने दिलं नाही. त्याची किंमत तिने भरली नाही, एका पोरीने भरली.

तिथेच, सगळ्या बायकांसमोर, नानाय सुनेकडे वळली. आवाज नेहमीचाच, करवतीसारखा.

“जोविलिन, तुझ्या वागण्याबद्दल मी गावभर बोलत होते, तर आता निकालही गावासमोरच ऐक. उद्यापासून नवऱ्या तुझ्या. पेट्याही तुझ्या, मढीही तुझी. मी टब भरून देईन. ब्रश तुझे चांगले होते आणि हातही चांगला होता. तुझी एकच चूक झाली. मी मोठी म्हणून त्या दिवशी तू माझ्या हातातून ब्रश हिसकावून घेतला नाहीस. ह्यापुढे हिसकाव.”